वझ्यांची छपाई नदीपार जाते

शरदिनीबाईंनी दुकान विकायचं ठरवलं ते एका पिशवीपायी.

लग्नाच्या आहेराची साधी कापडी पिशवी. वर गणपती, खाली नवरानवरीची नावं, मरून शाईत. बाईंनी जाळीची फ्रेम टेकवली, शाई ओतली, रबराची पट्टी दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढली, इतकी वर्षं ओढत आल्या तशीच. फ्रेम उचलून पाहतात तर नवरीच्या नावाला सावली पडलेली. दुसरी पिशवी घेतली, तिचंही तेच. तिसरीला त्यांनी श्वास रोखून धरला. पट्टी मध्यावर आली आणि उजवा हात आपल्या मनाने थरथरला, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा.

खिडकीजवळच्या मेजावर यज्ञेश्वर गुरुजी, म्हणजे बाईंचे यजमान, मान खाली घालून अक्षरं काढत बसले होते. त्यांनी वर पाहिलं, ओठ हलले. पण बाहेर गल्लीत एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत होता, आत शाई वाळवायचा पंखा घरघरत होता.

"काही नाही हो," बाई म्हणाल्या. "थंडी आहे ना, म्हणून."

गुरुजींनी काय विचारलं होतं ते बाईंना ऐकूच आलं नव्हतं. उत्तर मात्र देऊन झालं होतं.

ही सवय जुनी होती. वझे गुरुजी एके काळी काशीच्या रामघाटावरच्या वेदपाठशाळेत संहिता शिकवायचे. त्यांचा आवाज असा होता की पहाटे पाठ सुरू झाला की खालच्या पायऱ्यांवर आंघोळीला आलेली माणसं अंग पुसता पुसता थांबत. मग चाळिशी यायच्या आतच स्वरयंत्रावर गाठ निघाली. गाठ काढली, जीव वाचला, पण आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबुज, वाळक्या पानांसारखी. समोरचा अगदी जवळ बसला, आसपास सामसूम असली, तरच कळणारी. गंमत अशी की आवाज गेलेल्या माणसाशी लोक बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतात. गल्लीतले लोक गुरुजींना भेटायला यायचे आणि "गुरुजी! तब्येत कैसी है!" असं कानाशी गर्जून जायचे. गुरुजी हसून मान डोलवायचे. पुढे पुढे ते लोकांसमोर बोलायचेच बंद झाले.

शरदिनीबाई मूळच्या सागरच्या. लग्न होऊन काशीला आल्या तेव्हा वैदिकांच्या घरातलं सोवळंओवळं सांभाळण्यातच आयुष्य जाणार असं त्यांना वाटलं होतं. पण पाठशाळा सुटली, पदरात लहान मुक्ता होती, आणि हातपाय हलवल्याशिवाय भागणार नव्हतं. बायकांसाठी सरकारी प्रशिक्षण चाललं होतं, तिथे शिवण, लोणची-पापड आणि स्क्रीन प्रिंटिंग असे तीन वर्ग होते. पहिल्या दोन्ही वर्गांत जागा उरली नव्हती, म्हणून बाई तिसऱ्यात गेल्या. पुढे कुणी "छपाईच का घेतलीत?" असं विचारलं की त्या हेच सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "बरं झालं बाई, लोणच्यात मी मीठच विसरते."

पहिलं काम शेजारच्या मुंजीचं. बटूचं नाव छापलेल्या पिशव्या हव्या होत्या. बाईंनी स्वतः नाव लिहिलं, फ्रेम तयार केली, छापून पाहिलं. छपाई चांगली, पण अक्षरं अशी की जणू गर्दीत ढकलाढकली चालली आहे. गुरुजी ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ बसले. मग आतून बोरू घेऊन आले. लहानपणी त्यांनी वडिलांच्या हाताखाली पोथ्या उतरवल्या होत्या. पारदर्शक कागदावर काळ्या शाईने त्यांनी ते नाव पुन्हा लिहिलं. बाईंनी तो कागद पाहिला आणि आपला मुकाट्याने चुलीत घातला.

तेव्हापासून वझे स्क्रीन प्रिंट असं दुकान उभं राहिलं. तो लिहिणार, ती छापणार. सुरुवातीला जाळीवर अक्षरं उमटवायला उजेड देणारी पेटी नव्हती, तर फ्रेमा गच्चीवर उन्हात धरायच्या. माकडं टपलेली असायची. एकदा एक माकड एका मोठ्या लग्नाची फ्रेम घेऊन समोरच्या कळसावर जाऊन बसलं. गुरुजींना ओरडता येईना, म्हणून ते थाळी बडवत गच्चीभर नाचले, आणि सगळ्या मोहल्ल्याने ते पाहिलं. बाई हसून हसून जिन्यात बसल्या. आवाज गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी असं हसलं होतं.

हळूहळू गुरुजींची अक्षरं घाटभर पसरली. आखाड्यातल्या पोरांच्या बनियनवर, नाववाल्यांच्या लाइफ जॅकेटवर, पाठशाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांच्या उपरण्यांवर, रामघाटच्या गणेशोत्सवात मुलं घालतात त्या टी-शर्टवर. आंध्रातून यात्रेकरूंचे जथे यायचे, त्यांना टोप्या हव्या असायच्या. गुरुजी तेलुगू अक्षरं शिकले. पहिल्या टोप्यांवर चूक झाली, तर एका म्हातारीने तिथेच दुकानात बसून त्यांच्याकडून ते अक्षर घटवून घेतलं, पोराकडून घ्यावं तसं. नंतर चहाचे कप छापायचं यंत्र आलं, फ्रेमा फिरवायची चकरी आली, टी-शर्ट दाबायची हीट प्रेस आली. पण नाव लिहायचं झालं की ते गुरुजींच्याच हातचं.

आणि बोलायचं झालं की ते बाईंनीच. "गुरुजी म्हणतात हा रंग नको." "गुरुजी परवापर्यंत देतील." "ह्यांना चहा नको, आताच झालाय." गुरुजींच्या चेहऱ्याकडे एकदा पाहायचं आणि बोलून टाकायचं. बहुतेक वेळा ते बरोबरच असायचं.

तर त्या पिशवीनंतर बाई डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावला, बोटं नाकाला लावायला सांगितली, कागदावर गोल काढायला लावले. मग म्हणाले की औषधाने कंप ताब्यात राहील, पण हाताचं बारीक आणि जोराचं काम आता सोडा. बाईंनी तसं पुण्याला मुक्ताला फोनवर सांगितलं. मुक्ता म्हणाली, "आई, तू आता बास कर. विकून टाक सगळं. मी टाकते जाहिरात." तिने फोटो मागवले आणि संध्याकाळपर्यंत चालू छपाई व्यवसाय, यंत्रं, सामान आणि गिऱ्हाइकांसकट विकणे आहे अशी हिंदीतली जाहिरात इंटरनेटवर झळकली.

मुक्ताने गुरुजींकडेही फोन द्यायला सांगितला होता. पण फोनवर त्यांची कुजबुज पोचायची नाही. ते नुसतं "हं" म्हणाले आणि फोन परत दिला.

"बाबा काय म्हणतायत?" मुक्ताने विचारलं.

"त्यांना काय म्हणायचंय," बाई म्हणाल्या. "त्यांनाही सुटल्यासारखं होईल. डोळे शिणतात त्यांचे."

माणसं येऊ लागली. एकाला फक्त हीट प्रेस हवी होती. एकाला दुकानाची जागा हवी होती, पण ती भाड्याची. एक नुसताच चहा पिऊन, जुन्या काळच्या गोष्टी ऐकून गेला. मग शहरातल्या सिगरा भागातून विश्वजीत नावाचे गृहस्थ आले. त्यांचा मोठा डिजिटल छपाईचा कारखाना होता. माणूस सभ्य, हळू बोलणारा. त्यांनी चकरीला हात लावून पाहिला, फ्रेमांची रास पाहिली, आणि मग खिडकीजवळच्या मेजापाशी येऊन उभे राहिले.

"माताजी, खरं सांगू का," ते हिंदीत म्हणाले, "एखाददुसरं सोडलं तर यंत्रं माझ्या उपयोगाची नाहीत. ती भंगारातच जातील. मला दुकानाचा फोन नंबर हवाय आणि गुरुजींची अक्षरं हवीत. गुरुजींनी एकदा सगळी बाराखडी लिहून द्यावी, जोडाक्षरांसकट. आम्ही ती कंप्यूटरवर चढवू. मग बटण दाबलं की गुरुजींचं अक्षर. त्यांना पुन्हा कधी बोरू धरायला नको."

"एकदा काय, दहादा लिहून देतील," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी बोरू दौतीत ठेवला, पुन्हा उचलला, आणि काहीच न लिहिता फडक्याने पुसला. बाई तेव्हा विश्वजीतना जिन्यापर्यंत सोडायला निघाल्या होत्या.

दोनेक दिवसांनी अन्नपूर्णा आली. ही गंगेपलीकडच्या रामनगरची. तिचे वडील शिवराम निषाद यांची नाव होती, आणि अन्नपूर्णा स्वतः चार-सहा बायका हाताशी घेऊन शिवणकाम करायची. वझ्यांकडे छापायला येणाऱ्या सगळ्या कोऱ्या पिशव्या तिच्याच हातच्या. वडिलांच्या नावेत गठ्ठे टाकून ती रामघाटला उतरायची, गठ्ठा डोक्यावर घेऊन गल्ली चढायची, आणि दुकानात येताच आधी पाणी मागायची. त्या दिवशी तिने पाणी मागितलं नाही.

"चाची, हमको काहे नहीं बताईं?" गठ्ठा खाली टाकत ती म्हणाली. "बाजारात दुसऱ्याच्या तोंडून कळलं."

बाई ओशाळल्या. "अगं, तुला कशाला... तू शिवणवाली."

"शिवते मी, आणि छापते कोण? तुम्ही. तुम्ही बंद केलंत तर माझ्या पिशव्या कोऱ्याच राहतील." मग तिचा आवाज जरा खाली आला. "मला द्या ना. बायकांच्या बचत समूहातून कर्ज मंजूर झालंय. सिगऱ्याचे सेठ देतील तेवढं जमणार नाही. पण मी यंत्रं मोडीत नाही घालणार. एकदा येऊन जागा तरी बघा. माझे बाबू नाव घेऊन येतील."

बाईंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी उठून पायात चपला घालायलाही लागले होते.

"आज नाही हो, रविवारी," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी शिवराम नाव घेऊन आले. धुकं निवळलं होतं. गुरुजी शालीत गुरफटून पुढच्या फळीवर बसले, बाई त्यांच्या शेजारी. मोटर धडधडत होती, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. एकामागून एक घाट मागे गेले आणि रामनगरचा किल्ला दिसू लागला.

अन्नपूर्णाची जागा बाजारामागच्या गल्लीत होती. लांबट खोली, मातीच्या भिंती पण पक्कं छप्पर, दोन्ही अंगांना खिडक्या. मागे पाण्याचा हौद. भिंतीपाशी ओळीने शिलाई मशिनं. बाईंचे डोळे आपोआप कामाला लागले. चकरी इथे, फ्रेमा त्या भिंतीला, वाळवायची दोरी हौदाकडे. उजेड चांगला होता, त्यांच्या दुकानापेक्षा चांगला. त्या न विचारताच अन्नपूर्णाला सांगू लागल्या, शाई कुठे ठेवायची, उन्हाळ्यात लेप लावलेल्या फ्रेमा कशा जपायच्या. सांगताना हात थरथरत होता याचा त्यांना विसर पडला.

"आणि इथे," अन्नपूर्णा एका खिडकीपाशी थांबली. तिथे एक मेज आधीच मांडलेलं होतं. "इथे चाचांचं बसायचं. चाचा लिहितील ना?"

"छे गं," बाई म्हणाल्या. "ते आता आराम करणार. खूप झालं. सिगऱ्यावाल्यांना एकदा बाराखडी लिहून दिली की सुटले. तुला पण तीच मिळेल असं बघू."

गुरुजी त्या मेजाजवळ गेले, खिडकी ढकलून पाहिली, पुन्हा ओढून घेतली आणि बाहेर निघून आले.

परत येताना नाव प्रवाहाबरोबर होती. ती राजा घाटाच्या समोर आली असेल नसेल, तोच मोटर खोकली, घरघरली आणि बंद पडली. "कुछ फँस गया," शिवराम म्हणाले. कुणीतरी वाहिलेली साडी पंख्यात गुंतली होती. सुरी दातात धरून ते मागे वाकले आणि चिरगुटं कापत राहिले.

मोटर थांबली तसं सगळंच थांबलं. पाणी नावेच्या तळाला चाटत होतं, एवढाच काय तो आवाज. घाटावरची माणसं मुक्यासारखी हलत होती.

"मला कुणी विचारलं का?" गुरुजी म्हणाले.

बाई दचकल्या. किती दिवसांनी त्यांना तो आवाज इतका स्पष्ट ऐकू आला होता.

"काय?"

"मी आराम करणार, असं. मला कुणी विचारलं?"

"अहो, मी तुमच्या चेहऱ्यावरूनच..."

"चेहरा बघितलास. थांबली नाहीस." त्यांनी दम घेतला. त्यांना लांब वाक्य एका श्वासात जमत नसे. "हात तुझा थकला, शरदे. त्याचं मला वाईट वाटतं. रोज वाटतं. पण माझा हात थकलेला नाही."

बाईंनी उजवा हात पदराखाली घेतला.

"आणि बाराखडी," गुरुजी म्हणाले, "बाराखडी मी देणार नाही. मी बाराखडी लिहीतच नाही. मी नाव लिहितो. मुंजीच्या पोराचं नाव वेगळं लिहितो, पैलवानाचं वेगळं. पुढे कोणतं अक्षर येतंय ते बघून मागच्याला जागा देतो. बटणाला ते काय कळणार? माणूस चांगला आहे तो. पण मला एकदा लिहून सुटायचं नाहीये. मला उद्या लिहायचंय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तो समोर होता तेव्हा?"

"सांगितलं. तू जिन्यात होतीस."

बाईंना एकदम रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी, आणि कशाला वाट द्यावी कळेना. शेवटी राग आधी बाहेर पडला.

"तुमचं झालं. माझं काय? तुम्ही रोज उठून रामनगरला जाणार. आणि मी? मी म्हटलं, आता कुठे दोघं निवांत बसू. सकाळी गच्चीवर ऊन खाऊ. दुपारचा चहा दुकानात उभ्याउभ्या नाही, घरी, बसून पिऊ. इतकी वर्षं एका खोलीत काम केलं, पण मी तुमच्याकडे पाठ करून आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं होतं..."

गुरुजींनी शालीतून हात काढून बाईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तो थरथरत होता, तसाच थरथरू दिला.

"हे तू कुठे सांगितलंस?" ते म्हणाले.

बाईंना हसू फुटलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "नाहीच सांगितलं. मला वाटलं तुम्हाला कळलं असेल."

"चेहऱ्यावरून?"

मागे शिवरामांनी साडीचा शेवटचा तुकडा ओढून काढला. मोटर सुरू व्हायच्या आत जेवढं बोलता येईल तेवढं दोघं बोलून घेत होते. खरं तर शिवरामांचं काम केव्हाच संपलं होतं. पण पुढे काहीतरी चाललंय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते बराच वेळ सुरी धूत बसले. नाव आपली वाहत रामघाटच्या दिशेने चालली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विश्वजीतना फोन केला. बाराखडी मिळणार नाही हे ऐकून गृहस्थ रागावले नाहीत. म्हणाले, "माताजी, माझ्या वडिलांच्या दुकानाची पाटी रंगवणारा एक बुजुर्ग होता. तोही नाही म्हणाला असता." अन्नपूर्णाकडे छापील कपांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कप छापायचं यंत्र आणि हीट प्रेस विश्वजीतनी घेतली. बाकी सगळं, चकरी, पेटी, शाया, फ्रेमा, दुकानाचा फोन नंबर, आणि वझे स्क्रीन प्रिंट हे नावसुद्धा, अन्नपूर्णाचं झालं. नाव बदल असं बाईंनी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "चाची, नाव बदललं तर लोक मला शोधतील कसे?"

फ्रेमा द्यायच्या तर आधी धुवायला हव्या होत्या. प्रत्येक जाळीवर जुन्या कामाचा हिरवा लेप चढलेला, त्यात कुणाकुणाची नावं. घरच्या गच्चीवर दोघं ते काम घेऊन बसले. एकेक फ्रेम उन्हाकडे धरायची, वाचायची, आणि मग औषध लावून पाण्याने सोडवायची.

"ही बघा, आनंदीच्या मुलाची मुंज."

"तिचा तो मुलगा आता नागपूरला डॉक्टर आहे."

"आणि हा आखाडा तर बंद पडला."

एका फ्रेमवर एका लग्नाची नावं होती. ते लग्न वर्षभरात मोडलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी ती फ्रेम लगबगीने पाण्याखाली धरली. हिरवं पाणी गच्चीच्या मोरीतून वाहून गेलं आणि जाळी पांढरी झाली. बाईंचा जीव एकदोन फ्रेमांत अडकला होता, मुक्ताच्या लग्नाची एक होती. त्यांनी ती बाजूला ठेवली. गुरुजींनी ती उचलली, वाचली आणि पाण्यात बुडवली.

"अहो!"

"मुक्ताला दुसरं बाळ होईल," गुरुजी जवळ येऊन म्हणाले, "तेव्हा नवी लिहीन. जाळी चांगली आहे, वाया कशाला घालवतेस."

सामान नेलं त्या दिवशी शिवरामांच्या नावेत माणसाला जागाच उरली नाही. चकरी मधोमध बसली, तिला दोरांनी चारी बाजूंनी बांधलं. घाटावरचे लोक विचारत होते, "कहाँ जा रही है छपाई?" आणि बाई सांगत होत्या, "रामनगर." सांगताना त्यांना वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. जड गेलं ते नंतर, रिकाम्या दुकानात झाडू मारताना. जमिनीवर चकरीच्या आकाराचा एक स्वच्छ डाग उरला होता, आणि पंखा बंद असल्यामुळे त्या खोलीत शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू येत होतं.

पहिले काही आठवडे बाईही नावेने जात होत्या, अन्नपूर्णाला हात बसवून द्यायला. अन्नपूर्णाच्या हातात जोर होता, पण घाई फार. पट्टी ओढताना बाई तिच्या मनगटावर नुसता आपला तळवा ठेवायच्या. तो थरथरता तळवा मनगटावर असला की अन्नपूर्णा आपोआप सावकाश ओढायची. तिला ते जमायला लागलं तसं बाईंनी जाणं थांबवलं. मग सकाळी गुरुजी डबा घेऊन निघायचे आणि बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. घर मोठं वाटायचं. दुपारचा चहा त्या दोघांसाठी टाकायच्या आणि मग अर्धा ओतून द्यायच्या. रविवारी आणि सणावारी गुरुजी घरी असत. तेव्हा दोघं गच्चीवर ऊन खात बसत, अगदी बाईंनी सांगितलं होतं तसं. पण बाकीचे दिवस उरायचेच.

फाल्गुनात एका दुपारी त्यांना राहवलं नाही. न कळवता त्या रिक्षाने पुलावरून रामनगरला गेल्या.

खोलीत शिलाई मशिनांचा खडखडाट चालला होता. चकरीपाशी अन्नपूर्णा. खिडकीजवळ गुरुजी, आणि त्यांच्यासमोर एक गिऱ्हाईक, मुलीच्या लग्नाच्या पिशव्यांसाठी आलेला एक जाडजूड माणूस. तो पुढे वाकून ओरडत होता, "पंडितजी! नाम बड़ा लिखिएगा!"

गुरुजींना काही सांगायचं होतं. बाईंना ते दारातून दिसलं. भुवई चढली की नाव मोठं नको, असंच ते म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंचं तोंड उघडलंही गेलं, शब्द जिभेवर आला. त्यांनी दाराची चौकट धरली आणि तोंड मिटलं.

गुरुजींनी एक बोट वर केलं. बस, एवढंच. आणि सगळ्या बायकांचे पाय एकदम मशिनांवरून उठले. अन्नपूर्णाने हात लांब करून पंखा बंद केला. खोली शांत झाली. त्या शांततेत गुरुजी सावकाश, दम घेत घेत बोलले. मुलीचं नाव लहान आहे, गोड आहे, त्याला फुगवायला नको. भोवती जागा सोडली की ते आपोआप उठून दिसेल. गिऱ्हाईक ऐकत होता. ओरडणं विसरून त्यानेही मग हळूच विचारलं, "और दामाद जी का?" गुरुजी म्हणाले, "तेवढंच. दोघांचं सारखं." बायका खुदकन हसल्या. अन्नपूर्णाने पंखा लावला आणि मशिनं पुन्हा सुरू झाली.

बाई बोलल्या असत्या तर "गुरुजी म्हणतात, मोठं नको" एवढंच बोलल्या असत्या. बाकीचं, ते जागा सोडण्याचं आणि सारखेपणाचं, त्यांच्या मनातही आलं नसतं.

संध्याकाळी दोघं शिवरामांच्या नावेत बसले. शिवरामांनी रामनगरहून निघताना मोटर लावली आणि थोडं पुढे येऊन स्वतःहून बंद केली. "उतार है, बह जाएगी," ते म्हणाले. हल्ली ते रोजच असं करतात, हे बाईंना गुरुजींनी सांगितलं.

"आज काय केलंस?" गुरुजींनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कधी विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती, कारण ती काय करते ते त्यांना दिवसभर डोळ्यांसमोर दिसत होतं. बाई त्यांच्याकडे वळून बसल्या. मग सांगू लागल्या. आपल्या दुकानाच्या जागेत एक मुरब्बेवाला आलाय, त्याने आवळ्याचा मुरब्बा चाखायला बोलावलं होतं, पाक कच्चा आहे म्हणून सांगितलं तर रुसला. वरच्या इरावतीबाईंचं मांजर हरवलंय आणि सगळी गल्ली शोधतेय. मुक्ताचा फोन आला होता, तिला त्यांनी तासभर बोलू दिलं, मध्ये एकदाही न टोकता. औषधाने हात आज बरा आहे, सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला.

"मांजर कसलं?" गुरुजी म्हणाले. "ते पिवळं?"

"पिवळं नाही हो, ते तर मेलं मागेच. हे करडं. तुम्ही कधी बघितलंच नाहीत, थांबा, सांगते..."

आणि गुरुजी शाल नीट ओढून, तिच्याकडे कान करून बसले.